डेकोडर बंद पडला, दोष कुणाचा?



मागल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहा वाजले की आमच्या सासूबाई टेलिव्हिजनसमोर येऊन बसतात. भारतात तेव्हा आठ वाजलेले असतात आणि त्यांची मराठी मालिका सुरू होते. तीन वर्षांपूर्वी इंटरनेटला जोडायचा छोटा डेकोडर आम्ही आणला तो मुख्यतः त्यांच्यासाठीच. त्यांचे वय 77. शाळेत शिकल्या ते फ्रेंच, आयुष्यभर बोलल्या ते क्रेओल, आणि मराठी ऐकली ती लहानपणी आपल्या आजीच्या तोंडून. मालिका पाहू लागल्यापासून आजीचे शब्द त्यांना एकेक करून आठवू लागले. घराच्या पुढच्या ओट्याला आम्ही सगळे 'वारांग' म्हणतो. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगो, आजी ह्याला पडवी म्हणायची." आता माझी मुलेही पडवी म्हणतात. वीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवते आहे. पण हा शब्द माझ्या मुलांना मी दिला नाही, त्या डेकोडरने दिला, हे कबूल केले पाहिजे.

त्या संध्याकाळी पडद्यावर फक्त एक चक्र फिरत राहिले. मग अक्षरे उमटली: आपले इंटरनेट तपासा. खाली एक आकडा. सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन मला सांगितले, "मीच कायतरी दाबलंय गो."

पुतण्या आला. त्याने तारा काढल्या, घातल्या, आणि शेवटी डेकोडरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून सगळे पुसून टाकले. त्यानंतर डेकोडर नव्याने नाव, गुप्त शब्द, फोनवर येणारा आकडा असे सारे मागू लागला, आणि दिलेल्या उत्तराला पलीकडून जबाब येईना. तीन संध्याकाळी अशा गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी सगळे सुरळीत झाले. आमच्या घरात काहीही बिघडलेले नव्हते. परदेशातल्या त्या कंपनीचे सर्व्हर बंद पडले होते. "काही ग्राहकांना त्रास झाला असल्यास" अशी एक ओळ कंपनीने नंतर पाठवली. इंग्रजीत.

डेकोडर चालू झाला, पण सासूबाई आता रिमोटला हात लावीत नाहीत. नातवाला हाक मारतात, "तूच दाब बाबा." तो शिकवणीला गेलेला असला तर त्या काळ्या पडद्यासमोर नुसत्या बसून राहतात. मला या सबंध प्रकरणात लागले ते हे. जो दोष हजारो किलोमीटर दूर होता, तो एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या बोटावर घेतला. आणि पडद्यावरच्या त्या वाक्यानेच तो तिच्या बोटावर ढकलला होता.

म्हणून हे यंत्र चालते तरी कसे, ते थोडे समजून घेऊ. मी काही इंजिनियर नव्हे. परंतु शाळेतल्या संगणकवर्गाची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे बऱ्याच गोष्टी पदरात पडल्या आहेत.

आपल्या बेटावर टेलिव्हिजन 1965 साली आला. तेव्हापासून घराच्या छपरावर आंतेन असे, डोंगरावरच्या मनोऱ्यावरून लहरी येत, त्या पकडल्या की चित्र दिसे. पुढे प्रसारण डिजिटल झाले, आंतेनच्या तारेला एक डेकोडर जोडावा लागला, पण मूळ व्यवहार बदलला नाही. मनोरा सर्वांना उद्देशून बोलतो. कोण पाहतो आहे, त्याचे नाव काय, त्याने पैसे भरले की नाही, हे तो विचारत नाही. एक घर पाहो की लाख घरे पाहोत, त्याला श्रम सारखेच.

इंटरनेटचा डेकोडर या उलट. तो सुरू झाला की आधी घरातल्या राउटरकडे पत्ता मागतो. मग कुठल्यातरी सर्व्हरकडून घड्याळाची वेळ घेतो. मग कंपनीच्या नावाचा आकड्यांतला पत्ता कोणता हे नावांची वही सांभाळणाऱ्या सर्व्हरला विचारतो. तो मिळाला की दारावरच्या सर्व्हरला आपली ओळख पटवतो. आत गेल्यावर वाहिन्यांची यादी मागतो. वाहिनी निवडली की तिचे कुलूप उघडणारी किल्ली मागतो, कारण चित्र कुलूपबंद होऊन येत असते. इतके सगळे जमले की मग कुठे खरे चित्र येऊ लागते, आणि तेही लहान लहान तुकड्यांनी. यांतला एक जरी गैरहजर राहिला तरी पडद्यावर तेच चक्र. शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक, मुले सगळी आली, पण वर्गाची किल्ली असलेला शिपाई आला नाही, तर मुले अंगणातच उभी राहतात. तसे हे आहे.

इथे थोडे गणित करते. रागावू नका, सवय आहे. एखादा सर्व्हर शंभरातले 99 तास चालतो असे म्हटले तर आपल्याला ते उत्तम वाटते. परीक्षेत 99 गुण म्हणजे पेढे वाटायचे. पण वर्षाचे तास 8760. त्यांतला एक टक्का म्हणजे 87 तासांहून अधिक, साडेतीन दिवसांच्या वर. आता असे पाच सर्व्हर एकापुढे एक साखळीने उभे करा, प्रत्येकाला 99 गुण. पाचही एकाच वेळी जागे असण्याचे गुण भरतात सुमारे 95. म्हणजे वर्षातले जवळजवळ 18 दिवस डेकोडर मुका. कड्या प्रत्येकी मजबूत, तरी साखळी कमकुवत, ती अशी. म्हणूनच चांगल्या कंपन्या 99.9 किंवा 99.99 ची भाषा बोलतात. पहिल्यात वर्षाकाठी पावणेनऊ तास जातात, दुसऱ्यात 53 मिनिटांहून कमी. आपल्या डेकोडरची कंपनी यांतली कोणती, हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते. दुधाच्या पुड्यावर तारीख छापावी लागते, इथे काही नाही.

आता हे सर्व्हर असतात कुठे? याचे उत्तर डेकोडरगणिक वेगळे, आणि इथे पुष्कळांची फसगत होते, कारण दिसायला सगळी खोकी सारखीच काळी. मॉरिशस टेलिकॉमने 2006 साली टेलिफोनच्या लाइनवरून टेलिव्हिजन द्यायला सुरुवात केली. त्या पद्धतीत चित्र कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून घरापर्यंत येते. समुद्रापलीकडच्या गर्दीशी त्याचा रोजचा संबंध कमी. दुकानातून विकत आणलेल्या छोट्या डेकोडरवर आपण जी परदेशी अ‍ॅपे चालवतो, त्यांची ओळख-तपासणी मात्र बहुधा बेटाबाहेर होते. आणि तिसरा प्रकार म्हणजे तो 'सगळ्या वाहिन्या फुकट' म्हणून कानाकोपऱ्यात विकला जाणारा स्वस्त डबा. त्याचा सर्व्हर कुणाचा, कुठला, देव जाणे. एका रात्रीत तो नाहीसा झाला तर तक्रार करायला पत्तासुद्धा नसतो. वर, अमेरिकेच्या एफ. बी. आय. ने जून 2025 मध्ये जाहीर इशारा दिला की असे बिननावाचे डबे पुष्कळदा आतून बाधित होऊनच येतात, आणि मालकाच्या नकळत त्याचे इंटरनेट चोरांच्या कामाला लावतात. आमच्या ओळखीच्या तीन घरांत असा डबा आहे. मी सांगून पाहिले. फुकट ते गोड.

समुद्राच्या बाबतीत मात्र आपण पूर्वीइतके एकटे राहिलेलो नाही. 2002 साली सुरू झालेली सेफ नावाची समुद्रतार दक्षिण आफ्रिकेहून निघते, रेयुनियोंला लागते, आपल्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यू जाकोते येथे वर येते, पुढे कोचीला आणि तिथून मलेशियाला जाते. रत्नागिरीकडचे आपले पणजोबा-खापरपणजोबा ज्या समुद्रावरून कित्येक आठवडे हेलकावे खात आले, त्याच समुद्राच्या तळाने सासूबाईंची मालिका डोळ्याचे पाते लवायच्या आत येऊ शकते. हे मनात आले की मला अजूनही नवल वाटते. नंतर 2009 साली लायन, 2021 साली मेटिस आणि 2023 साली टी-थ्री या तारा आल्या. एक होती ती चांगली चालत असताना आणखी तारा कशाला घातल्या? कारण एक तुटली तर दुसरी असावी. मे 2024 मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ईसी आणि सीकॉम या दोन तारा एकाच वेळी तुटल्या तेव्हा त्या बाजूच्या कित्येक देशांचे इंटरनेट लंगडे झाले. राज्यकर्त्यांना आणि कंपन्यांना जे कळते, ते आपण आपल्या घरात विसरतो. त्याकडे मी येतेच.

तार शाबूत असूनही सर्व्हर पडतो याची उदाहरणे मोठमोठ्या घरची आहेत. 2012 साली 24 डिसेंबरला, ऐन नाताळच्या आदल्या संध्याकाळी, नेटफ्लिक्सची सेवा अमेरिकेत पुष्कळांच्या टेलिव्हिजनवर बंद पडली. नेटफ्लिक्स ज्या अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरांवर चालते, त्यांची काही आवश्यक माहिती देखभालीच्या कामात चुकून पुसली गेली होती. दुसऱ्या दिवशी सारे ठीक झाले, पण ज्यांच्या घरी पाहुणे जमले होते त्यांची संध्याकाळ गेली ती गेली. 20 ऑक्टोबर 2025 ला अ‍ॅमेझॉनच्याच सर्व्हरांत नावांच्या वहीची एक नोंद रिकामी झाली आणि जगभरातल्या असंख्य सेवा काही तास आडव्या झाल्या. दोन्ही वेळा बिघाडाची जागा एकच, अमेरिकेतले उत्तर व्हर्जिनिया. वाक्वाच्या घरातली बाई व्हर्जिनियातल्या नोंदीसाठी रिमोटची माफी मागते, असा हा काळ आहे.

याहून बोलके उदाहरण 9 मार्च 2025 चे. गुगलचे क्रोमकास्ट म्हणून टेलिव्हिजनला जोडायचे छोटे यंत्र आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीची यंत्रे त्या दिवशी अनेक देशांत एकाएकी निकामी झाली. आत एक ओळखपत्र होते, दहा वर्षांच्या मुदतीचे. मुदत संपली आणि वेळेवर नवे दिले गेले नव्हते. इंटरनेट चालू, वीज चालू, यंत्र धडधाकट, पण दारावरचा पहारेकरी म्हणतो, तुमचे पत्र जुने झाले. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. मात्र त्याआधी कंपनीने लोकांना विनवून सांगितले होते की यंत्र पुसून पहिल्यासारखे करू नका. ज्यांनी घाईने तसे केले त्यांची यंत्रे पूर्ववत करणे अधिक कठीण झाले. माझ्या पुतण्याची टाचणी इथे आठवावी.

म्हणून आमच्या घरी आता नियम आहे. चक्र फिरू लागले की आधी फोन त्याच वाय-फायवर ठेवून दुसरे काही उघडते का ते पाहायचे, फोनचे स्वतःचे इंटरनेट बंद करून, नाहीतर फोन आपली फसवणूक करतो. फोनवर सगळे दिसत असेल तर घर निर्दोष आहे. मग तोच डेकोडर असलेल्या कात्र बोर्नच्या नणंदेला विचारायचे. तिच्याकडेही बंद असेल तर डेकोडरला हात लावायचा नाही, चहा करायचा. फोनवरही काही येत नसेल तर राउटरचे दिवे पाहायचे. आणि चित्र येते पण अडखळत येते, अशी तक्रार असेल तर पुष्कळदा सर्व्हर नव्हे, आपल्या भिंती कारण असतात. राउटर बैठकीत आणि डेकोडर दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे. तिथे वाय-फाय सोडून सरळ तार ओढावी. आम्ही ओढली. दिसायला बरी नाही, चालते बरी.

परंतु माझा मुख्य मुद्दा हा की आंतेन काढू नका.

मागल्या दोन-तीन वर्षांत आपल्या कितीतरी घरांवरून आंतेन उतरली. छप्पर नव्याने रंगवताना काढली ती परत चढली नाही. "आता सगळं इंटरनेटवर येतं" हे वाक्य मी लग्नकार्यात ऐकते, बैठकेत ऐकते, शिक्षकांच्या खोलीत तर रोज ऐकते. येते खरे. पण पुन्हा फळ्याकडे या. शंभरातला एकच तास बंद पडणारे, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन मार्ग घरात असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची पाळी दहा हजारांत एक तास. साखळीत कड्या वाढवल्या की दिवस वाढत होते. इथे बाजूला दुसरी वाट ठेवली की वर्षातले साडेतीन दिवस 53 मिनिटांच्या आत येतात. समुद्रात दुसरी तार घालायला अफाट पैसा लागतो. छपरावर आंतेन तर बऱ्याच घरी आहेच.

आणि हा केवळ मालिकेचा प्रश्न नव्हे. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहताना आपण पाहिल्या. अशा वेळी वाक्वाच्या वेधशाळेचा इशारा घरोघर कोणत्या वाटेने पोहोचतो? सगळे बेट एकाच वेळी बातमीपत्र मागते. वीज जाऊन परत आली की सगळे डेकोडर एकाच मिनिटाला जागे होऊन त्याच दारावर ओळख पटवायला धावतात, आणि सर्व्हर चांगला असला तरी त्या गर्दीने गुदमरतो. मनोऱ्याला ही गर्दी ठाऊकच नाही. सासूबाईंनी लहानपणी 1960 चे कॅरोल पाहिले, पुढे 1975 चे जर्व्हेझ. वादळाची बातमी 'लोड' होते आहे म्हणून थांबायचे, हे त्यांना समजावणे मला साधलेले नाही, आणि समजावू नयेच असे वाटते. वीज गेल्यावर आंतेनही कामाची नाही, हे खरे; त्यासाठी बॅटरीचा ट्रान्झिस्टर कपाटात असलाच पाहिजे. तो आमचे आजोबा वापरीत. त्यांना टक्केवारी येत नव्हती, पण दुसरी वाट ठेवायची हे कळत होते.

2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हाचे आठवते. वरच्या वर्गांसाठी इंटरनेटवर धडे ठेवले गेले, आणि लहान इयत्तांचे धडे एम. बी. सी. च्या टेलिव्हिजनवरून दिले गेले. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते, ती निदान त्या धड्यांपर्यंत पोहोचली. मुलाला कुणी गुप्त शब्द विचारला नाही.

इतर देशांत यावर वाद चालू आहे. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक वाहिनीने जून 2019 मध्ये मनोऱ्यावरचे टेलिव्हिजन प्रसारण बंद करून टाकले. ब्रिटनने मात्र निदान 2034 पर्यंत ते चालू ठेवण्याचे वचन दिले आहे, आणि पुढे काय यावर तिथे म्हाताऱ्यांची आणि गरिबांची बाजू मांडणारे जोराने बोलत आहेत. उद्या आपल्याकडेही कुणीतरी खर्चाचा हिशेब मांडून म्हणेल की मनोऱ्यांची गरज उरली नाही, लोकांनीच आंतेना काढून टाकल्या आहेत. तेव्हा आपल्या उघड्या छपरांकडे बोट दाखवले जाईल. म्हणून आत्ताच बोलते.

कंपन्यांकडेही माझे एक मागणे आहे. सर्व्हर तुमचा पडला असेल तर पडद्यावर तसे लिहा. "आमच्याकडे बिघाड आहे, तुम्ही काही करू नका" एवढेच. डेकोडरला हे कळू शकते. राउटर उत्तर देतो, दुसरे सर्व्हर उत्तर देतात आणि फक्त तुमचा देत नाही, एवढा भेद ओळखणे त्याला कठीण नाही. ते वाक्य क्रेओलमध्ये लिहा, म्हणजे बेटावरच्या सगळ्या आज्यांना वाचता येईल किंवा नातवंडांकडून वाचून घेता येईल. वर्षातले किती तास सेवा बंद होती तो आकडा वर्षाअखेरी बिलाबरोबर द्या. आम्ही शिक्षक मुलांची गैरहजेरी प्रगतिपुस्तकात लिहितो. पालक पाहतात, विचारतात. तुमची हजेरी कुणीच घेत नाही.

काही जण म्हणतील, बाई, टेलिव्हिजनचे एवढे काय घेऊन बसलात, चार दिवस बंद राहिला तर मुले अभ्यास करतील. करतील कदाचित. मीही मालिकांची भक्त नाही. त्यांतल्या सुना फार रडतात आणि दागिने घालून झोपतात. पण आमच्या घरात संध्याकाळचा तो अर्धा तास असा आहे की ज्यात तीन पिढ्या एकत्र बसून मराठी ऐकतात. बैठकेत मुले आठवड्यातून एकदा येतात, तीही पाऊस नसला तर. तो अर्धा तास कुणाच्या तरी नोंदवहीतल्या चुकीवर टांगलेला असावा, हे मला निमूटपणे मान्य नाही.

गेल्या शनिवारी आमच्या छपरावरच्या आंतेनची सडलेली तार बदलून घेतली. टेलिव्हिजनच्या रिमोटवर आंतेनच्या बटणाशेजारी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. डेकोडर चक्र दाखवू लागला की सासूबाईंनी लाल ठिपका दाबायचा, म्हणजे निदान एम. बी. सी. दिसते. आतापर्यंत त्यांनी तो दोनदा दाबला. एकदा गरज नसताना, नुसता चालतो का पाहायला.

आपल्या घरचा डेकोडर असा बंद पडला तर तारीख, वेळ, गाव आणि पडद्यावर काय लिहून आले ते एका कागदावर टिपून या पानाच्या पत्त्यावर पाठवावे. डेकोडर कोणत्या जातीचा, तेही लिहावे. सहा महिन्यांची टिपणे जमली की मी ती एकत्र मांडून याच जागी छापायला देईन.